बटरचा स्वेटर

काल रात्री सव्वाअकराला शेवटचा टाका बंद केला, धागा आत ओवला आणि तशीच खाली निघाले. हे म्हणाले, "अगं, सकाळी घाल की." पण थंडी पडते ती पहाटे. सकाळी घालून काय उपयोग?

स्वेटर बटरचा. बटर म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीतला कुत्रा. कुणी पाळलेला नाही, पण गेली अकरा वर्षं तो तिथेच आहे. तांबूस अंग, पोटाखाली पांढरा, एका कानाचं टोक कापलेलं. नसबंदी करून सोडताना ते टोक कापतात, म्हणजे या कुत्र्याची झालेली आहे हे लांबूनही कळतं. चहात बुडवून खायचं ते गोल, कडक बटर असतं ना, पिल्लू असताना हा अगदी त्या रंगाचा होता. बेकरीतल्या पोरांनी तेच नाव ठेवलं.

बेकरीच्या भट्टीची मागची भिंत शेजारच्या बोळात येते. विटांची, जाडजूड भिंत. भट्टीत रोज लाकडं पेटायची, त्यामुळे ती भिंत दिवसरात्र कोमट असायची. पावसाळ्यातसुद्धा तिथली फरशी कोरडी. बटर तिला पाठ लावून झोपायचा. त्याच्या आधी तिथे एक काळी कुत्री झोपायची, तिच्या आधी आणखी कुणी. भिंतीवर कुत्र्यांच्या पाठी घासून एक तेलकट पट्टा झाला आहे, जमिनीपासून वीतभर उंचीवर. तो अजून दिसतो.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. आमच्या बेकरीची भट्टी गेल्या पावसाळ्यात विझली आणि तिथे गॅसवरचा स्टीलचा ओव्हन आला. हे व्हायलाच हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या सासूबाईंना दमा होता. सकाळी भट्टीचा धूर गल्लीत उतरला की त्यांना खिडक्या लावून बसावं लागे, आणि त्यांची ती धाप मी पंधरा वर्षं ऐकलेली आहे. पण नव्या ओव्हनची उष्णता आतच राहते, तीच त्याची खुबी. भिंत गार पडली. दिवाळीनंतर हवा बदलली तेव्हा बेकरीतला एक पोरगा मला म्हणाला, "आंटी, बटर को ठंड लगता है. रातभर जगह बदलता रहता है."

ते मला लागलं. मी त्या भिंतीसमोरून रोज जाते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी पार्ल्याचीच. माहेर आणि सासर एकाच रस्त्याच्या दोन टोकांना. इथे आम्ही मोठे झालो ते भाजल्याच्या वासात. स्टेशनपलीकडे १९२९ सालापासूनचा बिस्किटांचा कारखाना होता. लोकलमध्ये डोळे मिटलेले असले तरी पार्लं आलं हे नाकाला कळायचं. तो २०१६ मध्ये बंद झाला. त्यानंतर गल्लीपुरता उरला होता तो या भट्टीचा वास, पहाटे चारच्या लादीपावाचा.

आणि दिवाळीच्या आधी नानकटाईचा. घरात ओव्हन कुणाकडे होता तेव्हा? आई आदल्या रात्री परातीत तूप फेसायला बसायची. तळहाताने, एकाच दिशेने, तूप पांढरंशुभ्र होऊन हलकं होईपर्यंत. मग पिठीसाखर, मैदा, मूठभर बेसन, चिमूटभर सोडा, वेलची आणि वरून किसलेलं जायफळ. पिठाचा डबा फडक्यात बांधून मी आणि आई बेकरीत जायचो. तिथल्या काळ्या पत्र्याच्या ट्रेवर आई गोळे चपटे करून मांडायची. शेजारपाजारच्या चार-पाच जणींचे ट्रे एकदम आत जायचे, मग ओळखायचे कसे? आमच्या प्रत्येक नानकटाईवर तीन चारोळ्या असायच्या. एका काकूंच्या नानकटाईवर केशराची काडी, एकींच्या नुसता बोटाचा ठसा. भट्टीवाले चाचा लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ट्रे ओढून काढायचे आणि न विचारता ज्याचा त्याला द्यायचे. कडेच्या चार-पाच नेहमी जास्त लाल व्हायच्या. त्या मला मिळायच्या.

घरचा ओव्हन माझ्याकडे आला तो खूप नंतर, पहिल्या पगारवाढीत. बँकेतून २०२२ मध्ये निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून एकदा मी कुत्र्यांसाठी बिस्किटं भाजते. येता-जाता लोक प्रेमाने गोड बिस्किटं टाकतात, पण साखर त्यांच्या कामाची नाही. दोन वाट्या नाचणीचं पीठ, एक वाटी कणीक, अर्धी वाटी वाफवून कुस्करलेला लाल भोपळा, एक अंडं, दोन चमचे शेंगदाण्याचं कूट. मीठ नाही, साखर नाही. लागेल तसं पाणी घालून घट्ट मळायचं, जाडसर लाटून कापायचं आणि १६० अंशांवर अर्धा तास भाजायचं. ओव्हन बंद केल्यावर लगेच काढायची नाहीत, आतच सुकू द्यायची. नाहीतर मुंबईच्या हवेत तिसऱ्या दिवशी मऊ पडतात. चॉकलेट, मनुका, कांदा, लसूण यांतलं काहीही कुत्र्याच्या पोटात जाता कामा नये, ही गोष्ट मी बिल्डिंगमधल्या प्रत्येक मुलाला पाठ करून घेतली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यात कुठेही नाही, ठरवलेल्या जागीच खायला घालावं असं सांगितलं. तेव्हापासून आमची जागा पाण्याच्या टाकीमागचा कोपरा. सोसायटीत दोन मीटिंगा झाल्या, आवाज चढले, पण ठरलं. ज्या वहिनींनी सगळ्यांत जास्त विरोध केला होता, त्या आता भोपळ्याची फोड आणून देतात.

तर स्वेटर. विणकाम माझ्याकडे आईकडून आलं, आणि आईकडे थंडीने आलं. माझा जन्म फेब्रुवारी १९६२ चा. त्याच्या महिनाभर आधी, २२ जानेवारीला, सांताक्रूझच्या वेधशाळेत ७.४ अंशांची नोंद झाली. मुंबईत इतकी थंडी पुन्हा कधी नोंदली गेलेली नाही. आई तेव्हा आठवा संपत आलेली, आणि होणाऱ्या बाळाला घालायला घरात लोकरीचं एक सूत नाही. शेजारच्या मावशींनी तिला सुलट आणि उलट असे दोनच टाके शिकवले. त्या दोन टाक्यांवर तिने माझी कुंची आणि मोजे विणले. मी आले तोवर थंडी ओसरली होती. पण कुंची अजून आहे माझ्याकडे, फिकट गुलाबी, एका बाजूला टाके सैल. तिथे तिचा हात आखडला असणार.

मी मात्र शिकले ती आईजवळ बसून थोडं आणि चर्चगेट लोकलच्या लेडीज डब्यात जास्त. पडलेला टाका क्रोशाच्या सुईने खालून वर कसा चढवत न्यायचा, हे मला अंधेरीहून बसून येणाऱ्या एका बाईंनी दादर ते मुंबई सेंट्रलच्या दरम्यान शिकवलं.

बटरचं माप घ्यायला गेले तेव्हा पोराने त्याला पावाचा तुकडा दाखवून उभं केलं. गळा सोळा इंच, पुढच्या पायांमागून छाती बावीस, मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत वीस. आठ नंबरच्या सुयांवर माझे इंचाला साडेपाच टाके बसतात, म्हणजे गळ्याला ८८. दोन सुलट, दोन उलट अशी तीन इंच पट्टी, मग छातीसाठी वाढवत १२४ पर्यंत. पायांच्या जागी टाके बंद करायचे आणि पुढच्या ओळीत तेवढेच परत घालायचे. लोकर अॅक्रिलिकची घेतली, कारण ती धुऊन लवकर वाळते. रंग हळदी, रात्री रिक्षावाल्याला लांबून दिसावा म्हणून. बटणं नाहीत, नाड्या नाहीत. चावून गिळेल किंवा कुठे अडकेल असं काही ठेवायचं नाही.

पहिला स्वेटर डिसेंबरातच झाला होता. तो मी पाठीला आणि पोटाला सारख्याच लांबीचा विणला. नर कुत्रा. दोन दिवसांत पोटाकडची बाजू ओली होऊन वास मारायला लागली आणि त्याच्या कातडीवर लाल चट्टा उठला. माझ्या हातून त्याला त्रास झाला याचं फार वाईट वाटलं. चट्ट्याला डॉक्टरांनी मलम दिलं. मी स्वेटर धुतला, पूर्ण उसवला, लोकरीच्या लड्या केल्या आणि वळ्या जाण्यासाठी पाण्यात भिजवून वाळत टाकल्या. गॅलरीत चार दिवस हळदी लड्या लोंबत होत्या. या वेळी पोटाकडची बाजू पायांच्या मागे तीन इंचांवरच संपवली आणि पाठ तेवढी पुढे नेली, शेपटीपर्यंत. कडेला पुन्हा दोन-दोनची पट्टी, म्हणजे अंगाला धरून राहतो.

काल रात्री बटर बोळात नव्हताच. बेकरीच्या पायरीवर बसला होता. त्याचा मागचा उजवा पाय आता आखडतो, म्हणून आधी डोकं, मग पुढचे पाय एकेक करून घातले आणि पाठीवरून स्वेटर खाली ओढला. त्याने एकदा अंग झाडलं. मला वाटलं, काढायला बघेल. त्याने मान वळवून स्वतःच्या पाठीचा वास घेतला, बराच वेळ, आणि मग माझ्या हाताचा. मी त्याच्या छातीखाली दोन बोटं घालून बघितली, कुठे आवळत तर नाही ना. बरोबर बसला होता.

रात्री घालायचा आणि सकाळी काढायचा, हे मी ठरवलेलंच आहे. दिवसा उन्हात त्याला उकडेल, आणि खालची कातडी रोज बघायलाच हवी. म्हणून आज साडेसहाला गेले. पायरीवर नाही, बोळात नाही. छातीत धस्स झालं. तेवढ्यात पोराने शटर अर्धं वर केलं आणि बटर त्याखालून वाकून बाहेर आला, सावकाश, पाय ताणत.

स्वेटर काढून झटकला तर मैदा उडाला. आत दाराशी रिकामी पोती रचलेली असतात, त्यांच्यावर त्याला रात्रभर घेतलं होतं.

"कल से इधरही सोएगा," पोरगा म्हणाला, आणि पाव मोजायला लागला.