सकाळी चालू न होणारा पीसी: मल्टिमीटरने शोधलेला दोष

सात-आठ वर्षं जुना, असेंबल केलेला पीसी. सकाळी बटण दाबलं की पंखा जेमतेम हलायचा आणि थांबायचा. भिंतीवरच्या बोर्डाचा स्विच चालू ठेवून थोड्या वेळाने पुन्हा दाबलं की मशीन सुरू व्हायचं आणि दिवसभर चालायचं. फक्त व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की मध्येच रीस्टार्ट. तारीख-वेळही रोज चुकलेली. अशा लक्षणांवर ‘मदरबोर्ड गेला’ हे निदान फार लवकर ऐकायला मिळतं, म्हणून काहीही विकत घेण्याआधी मी सॉकेटपासून आत मोजत गेलो.

यूपीएस आणि एक्स्टेन्शन बाजूला काढून पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लावला. मल्टिमीटर एसीच्या मोठ्या रेंजवर: फेज-न्यूट्रल 232 व्होल्ट, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ 2 च्या आत. म्हणजे अर्थिंग ठीक. अर्थिंग नसलेल्या घरांत कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि टेस्टर पेटतो. एसएमपीएसच्या (पीसीला डीसी वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) फिल्टरमधले छोटे कपॅसिटर कॅबिनेटवर साधारण निम्मा दाब आणून ठेवतात. तो दोष वायरिंगचा असतो, त्यासाठी एसएमपीएस बदलून काही होत नाही.

नंतर बटण. मशीन चालू होऊन बरोबर चार सेकंदांनी बंद पडत असेल, तर बटण आत अडकलेलं असण्याची शक्यता मोठी, कारण बटण दाबून धरल्यावर बंद व्हायची वेळ तेवढीच असते. इथे मशीन क्षणात बंद होत होतं. तरी खात्रीसाठी बटणाची वायर काढली आणि मदरबोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडल्या. फरक शून्य.

मग मेन स्विच बंद, केबल बाहेर, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला चार्ज उतरवला. ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, यूएसबी, समोरचे पॅनल सगळं सोडवलं. मागे राहिले मदरबोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच स्टिक. एवढ्यावर मशीन सुरळीत सुरू झालं असतं, तर काढलेल्या भागांपैकी एखादा शॉर्ट धरून संशय घेता आला असता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तोच प्रकार, त्यामुळे संशयित दोनच उरले: एसएमपीएस आणि मदरबोर्ड.

खरं मोजमाप एसएमपीएसकडून मदरबोर्डात जाणाऱ्या 24 पिनांच्या कनेक्टरवर होतं. मीटर डीसी 20 व्होल्टवर, काळा प्रोब कुठल्याही काळ्या वायरवर, लाल प्रोब कनेक्टरच्या मागून, वायरच्या बाजूने आत. पहिली जांभळी वायर, 9 नंबरची पिन. पीसी बंद असला तरी हिच्यावर 5 व्होल्ट स्टँडबाय (बंद पीसीला मिळत राहणारा दाब) असायलाच हवा, 4.75 ते 5.25 च्या दरम्यान. सकाळी स्विच लावल्या लावल्या इथे 4.3 दिसले आणि आकडा सावकाश चढत 4.9 पर्यंत गेला. बटणाचा संकेत ओळखणारं सर्किट याच व्होल्टेजवर चालतं, त्यामुळे निदान इथेच जवळपास झालं होतं.

यामागचं कारण जुने इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. त्यांतलं द्रव वर्षानुवर्षं उष्णतेने आटतं आणि अंतर्गत रोध वाढतो. थंड असताना हा रोध सर्वांत जास्त, थोडे तापले की उतरतो. आपल्याकडे रात्री बोर्डाचा स्विच बंद करतात, म्हणून ते रातोरात पूर्ण थंड होतात आणि दोष सकाळीच दिसतो. चुकणारी तारीखही याच सवयीची: स्टँडबाय नसताना घड्याळ सीआर2032 सेलवर चालतं आणि सेल लवकर उतरतो. हा सेल 2.4 व्होल्टवर आला होता. नवा 3 च्या थोडा वर असतो.

दुसरी खात्री भारावर. मेन बंद ठेवून एसएमपीएस मदरबोर्डापासून सोडवला आणि हिरवी वायर (16 नंबर) शेजारच्या काळीला क्लिपने जोडली. वायरी सगळ्या काळ्या असतील तर खटक्याच्या बाजूची ओळ 13 ते 24 ची. तिच्या 13 च्या टोकापासून चौथी पिन ती हिरवी. नुसत्या क्लिपवर पंखा फिरला की लोक एसएमपीएस पास करतात, पण त्यातून तो सुरू होतो एवढंच कळतं. जुन्या चौपिनी कनेक्टरच्या पिवळ्या-काळ्या वायरींवर मी स्कूटरचा 12 व्होल्ट 35/35 वॅटचा बल्ब लावला, फरशीवर ठेवून, कारण तो चांगलाच तापतो. रिकामा असताना 12.1, एका फिलामेंटवर 11.6, दोन्हींवर 11.2. मर्यादा 11.4 ते 12.6 ची. जेमतेम सहा अँपिअरला एवढी घसरण म्हटल्यावर एक्स्पोर्टच्या वेळचे रीस्टार्टही समजले.

एसएमपीएस उघडायच्या फंदात पडू नये. मेन कपॅसिटरवर साधारण 325 व्होल्ट, अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असेल तर 380 च्या आसपास डीसी असतो आणि केबल काढल्यावरही तो काही वेळ टिकू शकतो.

नवा घेताना डब्यावरचे वॅट बघू नयेत, लेबलवरचे 12 व्होल्टचे अँपिअर बघावेत. ‘450 वॅट’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त युनिटवर 12 व्होल्टला 16 अँपिअर लिहिलेले असतील, तर ते 192 वॅट झाले. 65 वॅटचा प्रोसेसर आणि स्लॉटमधूनच वीज घेणारं 75 वॅटचं कार्ड यांना 12 व्होल्टवर 30 अँपिअर देणारं ब्राँझ (कार्यक्षमतेचा दर्जा) युनिट भरपूर आहे. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणारं, असेल तर जुन्या केबल वापरू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि 5 च्या जागी 12 व्होल्ट गेले की डिस्क जळते. प्रोसेसरचा आणि ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा कनेक्टर दिसायला सारखे, पण पिनांची ध्रुवता उलटी; जोर लावावा लागत असेल तर थांबा.

बदलल्यावर थंड अवस्थेत जांभळ्या वायरीवर 5.05 आणि एक्स्पोर्ट चालू असताना 12 व्होल्टवर 12.0 मिळाले.

यूपीएस परत जोडताना मात्र बघा: 600 व्हीएचा म्हणजे बहुतेकदा 360 वॅटचाच. लाईट गेल्याक्षणी पीसी बंद पडला, तर आतली 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची बॅटरी भारावर मोजावी. ती लगेच 10.5 च्या खाली गेली, तर बॅटरी बदला, एसएमपीएसला हात लावू नका.