स्लॅशरची वही: आता नोंद कॅमेऱ्याची

स्लॅशर भयपट, म्हणजे एक खुनी एकेकाला गाठून मारत जातो असे सिनेमे, सालानुसार पुन्हा बघणं चालू आहे आणि आता ऐंशीच्या दशकात शिरलोय. 'शरीरसंबंध ठेवणारी मुलगी मरते, कुमारिका वाचते' हा नियम आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण १९७४ च्या 'ब्लॅक ख्रिसमस'मध्ये पहिला बळी जाते क्लेअर, जिला मैत्रीण कुमारिका म्हणून चिडवत असते. नायिका जेस मात्र गरोदर आहे, गर्भपाताचा निर्णय तिने घेतलाय, प्रियकराच्या दबावाला भीक घालत नाही, आणि सिनेमा संपतो तेव्हा ती जिवंत असते. त्यामुळे माझ्या वहीतला 'कोण मेलं' हा रकाना आता दुय्यम. कॅमेरा कुणाच्या डोळ्यांनी बघतोय, हे आधी लिहितो.

'हॅलोवीन' (१९७८) यासाठी तुकड्या-तुकड्याने बघितला. सुरुवातीला आपण खुन्याच्या डोळ्यांत असतो. मुखवटा चढतो आणि पडद्यावर फक्त दोन भोकं उरतात. त्यातून अर्धनग्न बहीण केस विंचरताना दिसते, मग सुरा. तिला न्याहाळणं आणि तिला मारणं एकाच शॉटमध्ये घडतं, आपल्याला बाजूला व्हायला जागाच मिळत नाही. आता शेवटाकडे या. नायिका लॉरी कपाटात दडलीय आणि कॅमेराही तिच्यासोबत आत आहे. दाराच्या फळ्या तुटतायत, ती तारेचा हँगर सरळ करते आणि थेट त्याच्या डोळ्यात खुपसते. डोळ्यातच! ज्या नजरेपासून सिनेमा सुरू झाला, तिच्यावरच हा वार आहे, असं मला ठामपणे वाटतं. प्रेक्षक खुन्याकडून नायिकेकडे सरकतो हे सिनेमाच्या अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९९२ च्या पुस्तकात मांडलंय. 'फायनल गर्ल', म्हणजे शेवटी वाचणारी मुलगी, हा शब्दही त्यांचाच.

'कॅरी' (१९७६) अवघड गेला. वाफ, संथ गती, हळुवार संगीत, मुलींची उघडी शरीरं. आणि तेवढ्यात शॉवरखाली कॅरीची पहिली पाळी. बघण्यातलं सुख क्षणात आटतं. दिग्दर्शक ब्रायन डी पामाने प्रेक्षकाला पकडलं की स्वतःचीही हौस भागवून घेतली? मला दोन्ही खरं वाटतं.

'द स्लंबर पार्टी मॅसॅकर' (१९८२) रिटा मे ब्राऊनने लिहिला, एमी होल्डन जोन्सने दिग्दर्शित केला. खुन्याचं लांबलचक ड्रिल आणि एका मुलीने कोयत्याने ते मध्येच छाटणं, यात लैंगिक संकेत उघडच आहे. तरी मुलींच्या शॉवरच्या प्रसंगात कॅमेरा शरीरांवरून सावकाश खाली उतरतोच. दिग्दर्शिका बाई असली म्हणून नजर आपोआप बदलत नाही, आणि या धंद्यात नग्नता विकली जायची हेही त्याच शॉटमध्ये दिसतं.

पुढे 'स्क्रीम' (१९९६), मग 'जिंजर स्नॅप्स' (२०००). 'स्क्रीम'ची नायिका सिडनी शरीरसंबंधांनंतरही वाचते, पण त्या प्रसंगात कॅमेरा कुठे आहे ते कुणी नीट बघितलं असेल तर सांगा, ताडून बघू.