शनिवारचा तास आणि सरांचा पंचा

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी आठवणी लिहून पाठवा असा मेसेज आला तेव्हा मी वर्गावर होते. जेवणाच्या सुट्टीत उघडून पाहिलं आणि पहिल्यांदा आठवले ते मराठीचे सर. नाव लिहीत नाही, आपल्या शाळेत नुसतं 'सर' म्हटलं तरी कोण ते सगळ्यांना कळतं. बाकीच्या सगळ्या गुरुजनांना मनापासून नमस्कार, त्यांनीही खूप दिलं, पण लिहायला बसले तर दुसरं काही सुचतच नाहीये.

मी पाचवीला आपल्या शाळेत आले. त्याच्या आधी जिथे होते तिथे वर्गात अहिराणी, आमची खानदेशातली बोली, बोललं की हातावर पट्टी बसायची, त्यामुळे मी बोलायचेच नाही. सरांच्या पहिल्याच तासाला वही विसरले आणि घाबरून तोंडातून निघून गेलं, "सर, मनी वही घर ऱ्हायी गयी." वर्ग हसला. मी हात पुढे केला, सवयीने. सरांनी तो हात बघितला, काहीच बोलले नाहीत, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, "कथा चालना?" त्याच्याखाली लिहिलं, "खंय चललंस?" म्हणाले ही माझी मालवणी. त्याखाली वऱ्हाडी, "कुठी चाल्ला?" आणि सगळ्यात शेवटी पुस्तकातलं "कुठे चाललास?" वर मोठ्या अक्षरात एकच शब्द, बोली. मग म्हणाले की ही चारही भावंडं आहेत, पेपरात चौथं लिहायचं कारण तपासणारा सोलापूरचाही असू शकतो, पण घरी आणि माझ्या तासाला पहिलं बोला, मला शिकायचंय. आणि खरंच शिकले, दोन वर्षांत सर बाजारात भाजीवालीशी अहिराणीत घासाघीस करायचे, फक्त हेल कोकणातला राहिला.

सरांचा शनिवारचा सकाळचा तास ज्यांनी केलाय त्यांना सांगायला नको. बोलण्याचे जेवढे प्रकार असतील त्यांना शब्द आणायचा, प्रत्येकाने एक, आणि दुसऱ्याने आणलेला चालायचा नाही. कुजबुज, पुटपुट, कुरकुर, भुणभुण, तणतण हे पहिल्याच दिवशी संपले. मग पोरं घरी आजीला विचारायला लागली आणि हितगुज आलं, मखलाशी आली, गाऱ्हाणं, लावालावी, बाचाबाची, आर्जव, शेखी. तणतण आणि कुरकुर यात फरक काय हे करून दाखवायला लागायचं. मुलींनी 'च'ची भाषा आणली, कुठेचं 'चठेकु'. सरांनी तीही वहीत घेतली आणि जुने व्यापारी गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून नंदभाषा बोलायचे ते सांगितलं, त्यात एकला केवली आणि दोनला आवारू. एकदा तर दाते-कर्व्यांच्या शब्दकोशाचा एक खंड सायकलला बांधून आणला आणि शब्दापुढे कंसात व. म्हणजे वऱ्हाडी, ना. म्हणजे नागपुरी, गो. म्हणजे गोमंतकी, 'बायकी' म्हणजे बायकांच्या बोलण्यातला, हे एकेक बोट ठेवून दाखवलं. शब्दाच्या पुढे त्याचं गाव लिहिलेलं असतं हे मला तेव्हा फार भारी वाटलं होतं.

माझा नंबर आला तो सहावीत, १९८६ च्या थंडीत. माझ्याकडे शब्द नव्हता. आप्पा गुरांच्या बाजारात दलाली करायचे, वरखेडीला जायचे, दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोडेबाजारात, मी लहान असताना त्यांच्यासोबत जायचे. दलालाची पोर म्हणून मुली चिडवायच्या त्यामुळे मी बाजाराचं नाव काढत नव्हते. पण त्या दिवशी दुसरं काही नव्हतं म्हणून सांगितलं, सर आमचे आप्पा भाव करताना बोलतच नाहीत, रुमालाखाली हात धरतात. सर उठले. खांद्यावरचा पांढरा पंचा (त्यानेच फळा पुसायचे, सतत खडूची भुकटी) काढला, हातावर टाकला आणि म्हणाले, "ये बेटा, मला बैल विक."

मी पंचाखाली हात घातला. सरांचा हात खडूने कोरडा खरखरीत. मी त्यांची तीन बोटं धरली. सर म्हणाले तीन काय, शंभर का हजार? मी म्हटलं ते बोलायचं नसतं, बैल बघून दोघांना ठाऊक असतं. सरांनी माझी दोन बोटं दाबली. मी मान हलवली आणि परत तीन. अख्खा वर्ग उभा राहून बघत होता आणि कोणालाच काही कळत नव्हतं. शेवटी सौदा झाला, सरांनी पंचा काढला आणि वर्गाला सांगितलं की याला करपल्लवी म्हणतात, हाताच्या बोटांनी बोलणं, डोळ्यांनी बोललं तर नेत्रपल्लवी, आणि हिच्या वडलांना ती येते, मला येत नाही. घरी जाऊन आप्पांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, सर असं म्हणे? पुढच्या आठवड्यात नवा पंचा घेऊन आप्पा शाळेत आले होते.

आज मी नाशिकला कर्णबधिर मुलांना शिकवते, चोवीस वर्षं झाली. या मुलांनाही खूप वर्षं हातावर पट्टी मिळालीय, हात चालवले तर ओठ वाचायला शिकणार नाहीत म्हणून. त्यांच्या सांकेतिक भाषेला लोक अजून म्हणतात हातवारे, खाणाखुणा. मी प्रत्येक पालकाला बसवून सांगते की ही भाषा आहे, हिला स्वतःचं व्याकरण आहे, प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, भुवया आणि चेहरा वाक्याचाच भाग असतो, आणि मुंबईची खूण वेगळी दिल्लीची वेगळी, म्हणजे बोलीसुद्धा आहेत. २०१८ ला भारतीय सांकेतिक भाषेचा सरकारी कोश आला तेव्हा त्यात ३ हजार शब्द होते, २०२१ ला १० हजार झाले. तो कोश मोबाईलवर पहिल्यांदा उघडला त्या दिवशी सर हवे होते असं फार वाटलं.

मागच्या दिवाळीत गावी गेले तर भाचा माझ्याशी हिंदीत बोलत होता, वहिनी म्हणाली अहिराणी नको, इंग्लिश मिडियममध्ये हसतात. वाईट वाटलं. २००१ च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी त्यातच मोजतात) बोलणारे २० लाखांच्या वर होते, २०११ ला १८ लाख ६० हजार. माणसं तर वाढली ना तेवढ्या वर्षांत, मग बोलणारे कुठे गेले? मी त्याला म्हटलं, "आते मनासंगे अहिराणीमाच बोल," आणि चार दिवस हिंदीला उत्तरच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी "माले भूक लागनी" म्हणत आला.

एक विनंती आहे. शनिवारचे शब्द ज्या वहीत लिहायचो ती लाल पुठ्ठ्याची, कापडी बाइंडिंगची वही स्टाफरूममध्ये नकाशांच्या कपाटात असायची. कपाट अजून असेल तर कोणीतरी खालच्या कप्प्यात बघा. आमच्या बॅचच्या पानावर करपल्लवी हा शब्द सरांच्या अक्षरात आहे, पुढे कंसात माझं नाव आहे. पानाचा फोटो पाठवला तरी चालेल, वर्गात लावायचाय.