तुम्ही विचारलंत म्हणून: घरी तेलुगू बोलणं बंद करू का?

पालकसभेत हा प्रश्न ठरलेला. "बाई, पोरगं बोलताना अडखळतंय ओ. घरात तेलुगू, शाळेत मराठी, वरून इंग्लिश. सगळं मिक्स होतंय. आता घरीबी मराठीच बोलू का?" आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात बहुतेक वेळा विचारणारी आई तेलुगू बोलणारी असते. कधी घरची भाषा कन्नड असते, कधी दखनी उर्दू. माझं उत्तर सगळ्यांना एकच आहे. बंद करू नका.

आपण सहज बोलत असतो तेव्हा सेकंदाला दोन-तीन शब्द तोंडातून जातात. तेवढ्या वेळात मनातल्या आशयाला शब्द निवडायचा, त्याचे आवाज जुळवायचे आणि जीभ हलवायची. विलेम लेव्हेल्ट या डच मानसशास्त्रज्ञाने १९८९ साली या टप्प्यांची नीट मांडणी केली. दोन भाषा येणाऱ्या माणसाचं काम इथेच वाढतं, कारण एक भाषा बोलताना दुसरी झोपलेली नसते. स्पेनमध्ये कातालान आणि स्पॅनिश दोन्ही येणाऱ्यांना चित्रं दाखवून नावं विचारली, तेव्हा दोन्ही भाषांत सारखा वाटणारा शब्द असलेल्या चित्रांची नावं लवकर आली. म्हणजे न विचारलेली भाषाही आतून हात लावत होती. आपल्या मुलांचंही तसंच. 'पुस्तक' तेलुगूतही जवळपास तेच आहे, पण मांजर दिसली की 'पिल्ली'ही जागी होते आणि तिला बाजूला सारावं लागतं. तुम्हाला दिसतं ते अडखळणं बऱ्याचदा या निवडीचा वेळ असतो. त्याला गोंधळ म्हणायला माझी तयारी नाही.

काही आया याहून काळजीने सांगतात, "शाळेतून आल्यावर त्याला तेलुगूबी नीट येईना." याचा अर्थ भाषा विसरली असा लावू नका. रेनाटा म्यूटर आणि अ‍ॅलन ऑलपोर्ट यांनी १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर आकडा दिसायचा आणि मागच्या रंगावरून तो कुठल्या भाषेत म्हणायचा ते ठरायचं. कच्च्या भाषेतून पक्क्या भाषेत परत येताना लोकांना जास्त वेळ लागला. उलट जाताना कमी लागला! त्यांनी दिलेलं कारण मला पटतं: कच्ची भाषा बोलायची तर पक्की जोरात दाबून धरावी लागते, आणि दाबलेली भाषा सुटायला वेळ लागतो. तिथला उशीर सेकंदाच्या अंशाचा होता. शाळा सुटल्यावरचं अडखळणं मी त्याच जातीचं मानते. जेवून, खेळून झालं की तेच पोर आजीशी तेलुगूत तासभर भांडतं.

एकेका भाषेतले त्याचे शब्द मोजलेत तर कदाचित कमी भरतील. दोन्ही मिळून मोजा. मात्र दोन भाषांनी मूल जास्त हुशार होतं असंही मी कुणाला सांगत नाही. त्यावर संशोधकांतच वाद आहे. घरची भाषा राखायला तेवढं आमिष लागूही नये.

हे झालं बोलण्याचं. शाळेत मराठी निबंध लिहिताना मूल अडतं, ते दुखणं निराळं. जॉन हेज आणि लिंडा फ्लॉवर यांनी १९८० साली लिहिण्याची तीन कामं सांगितली: ठरवणं, वाक्यात उतरवणं, पुन्हा तपासणं. ही कामं एकमेकांत मिसळून चालतात, आणि एका वेळी मनात धरून ठेवता येतं ते थोडंच असतं. ज्या मुलाचं लक्ष वेलांटी आणि जोडाक्षरातच संपतं, त्याला 'गड्ड्याची जत्रा' यावर चार ओळी सुचत नाहीत. जत्रा तर त्याने डोळे भरून पाहिलेली असते. म्हणून मी वर्गात आधी तेलुगूत, कन्नडमध्ये बोलू देते. काय पाहिलं, आधी काय, मग काय, हे ठरलं की मराठीत लिहायला बसवते. घरी विड्या वळता वळताही हे करता येतं. तुम्हाला मराठी लिहिता येत नसलं तरी चालतं, फक्त त्याला तुमच्या भाषेत सविस्तर सांगायला लावा.

काळजी कधी करायची, तेही सांगते. मूल घरच्या भाषेतही वयाच्या मानाने फार मागे असेल, साधं वाक्य जुळत नसेल, सांगितलेलं समजत नसेल, तर थांबू नका, स्पीच थेरपिस्टकडे न्या. आणि तिथे गेल्यावर घरी तेलुगू बोलतो हे आधी सांगा, कारण नुसती मराठीत तपासणी केली तर निष्कर्ष चुकू शकतो.