दिवे घाट, एक फोड आणि परभणीकडच्या आजी

मी नगरची, घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, सध्या शिकायला पुण्यात. यंदा माउलींच्या पालखीसोबत चालले, रूममेटच्या आत्याच्या दिंडीत, रथामागे. घरी सांगितलं तेव्हा पप्पा काहीच बोलले नाहीत. आईने एवढंच विचारलं, तिकडे प्रसाद खाणार का? मी म्हटलं पंगतीत जे वाढतील ते खाईन आणि ताटावर आपली प्रार्थना करीन. बरं म्हणाली, रोज फोन कर.

खरं तर मला ओढ होती ती गाण्याची. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला पण अभंग काही सोडला नाही, त्यांचे अभंग आम्ही उपासनेत टाळ घेऊन लहानपणापासून गातो. त्यामुळे आळंदीत हरिपाठ सुरू झाला आणि हात आपोआप टाळाच्या ठेक्यावर पडायला लागला. शब्द येत नव्हते सगळे, तरी पावली जमली. सोबतच्या मावशांनी कुणी जात विचारली नाही, आडनावावरून एकीच्या लक्षात आलं असावं, तिने फक्त तुळशीची माळ घालणार का विचारलं, मी नको म्हटलं, विषय संपला.

पुण्याचे दोन मुक्काम गर्दीत गेले. खरा दिवस तो एकादशीचा, पुणे ते सासवड, जवळपास तीस किलोमीटर. पहाटे अडीच-तीनला टँकरखाली आंघोळ, पोरीबायकांना आडोसा म्हणजे दोन साड्या धरलेल्या, आणि शौचालयाची रांग बघून अक्षरशः रडू आलं. हडपसरपर्यंत पाऊस, मोजे भिजले ते सुकलेच नाहीत, वडकीच्या विसाव्याला उजव्या टाचेत आग आग व्हायला लागली. आणि पुढे घाट. वरून ड्रोन, कठड्यावर सेल्फी काढणाऱ्यांची झुंबड, ते आमच्याच रांगेत घुसून फोटो काढणार आणि आम्हालाच सरका म्हणणार, रस्ताभर केळीच्या साली नि प्लास्टिकचे ग्लास. मला इतका राग आला होता ना की आजूबाजूला ग्यानबा-तुकाराम चाललंय आणि मी दात ओठ खात चाललेय. रथाला जादाचे बैल जोडलेले, ते चढताना लोक हात जोडत होते, मला त्या बैलांच्या मानाच दिसत होत्या.

अर्ध्या घाटात पाय टेकवेना. कडेला दगडावर बसले. रूममेट पुढे गेली होती, फोनला रेंज नाही.

एक आजी थांबल्या. नऊवारी, डोक्यावर बोचकं, पाय अनवाणी. "काय झालं गं माय?" मी म्हटलं काही नाही, बसलेय जरा. त्या समोरच उकिडव्या बसल्या आणि न विचारता माझा बूट ओढला. मोजा काढताना मी ओरडलेच. टाचेला लिंबाएवढा फोड. त्यांनी कनवटीची पिशवी सोडली, त्यात सुई, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ, तेलाची छोटी बाटली, काडेपेटी. काडी पेटवून सुई तापवली, दोरा तेलात बुडवला आणि फोडाच्या एका कडेतून आत, दुसऱ्या कडेने बाहेर. दोन्हीकडे बोटभर दोरा लोंबत ठेवून तोडला. पाणी दोऱ्यावाटे झिरपायला लागलं. "कातडं काढायचं न्हाई बघ, आपोआप बसतंय." मग हळद-तेल लावलं, स्वतःच्या पदराची चिंधी फाडली आणि टाच बांधली. हे सगळं रस्त्याच्या कडेला, पाऊस भुरभुरतोय, लोक शेजारून चाललेत.

मला फार अवघडल्यासारखं झालं. ऐंशीच्या घरातली बाई माझा चिखलाचा पाय मांडीवर घेऊन बसलीय. मी पाय ओढायला लागले तर त्यांनी घोटा घट्ट धरला. तेव्हा येशूचा शिष्य पेत्र आठवला, पवित्र गुरुवारी दरवर्षी वाचतात तो भाग, प्रभू येशू शिष्यांचे पाय धुवायला वाकतो आणि पेत्र म्हणतो माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. मला तो हट्ट नम्रपणाचाच वाटायचा. त्या दगडावर बसून कळलं की कुणाकडून काही घ्यायची त्याची तयारीच नव्हती, आणि माझीही नव्हती. हॉस्टेलवर ताप आला तरी मी कुणाला सांगत नाही, डबा उशिरा आला तर उपाशी झोपते पण शेजारच्या खोलीत मागत नाही.

म्हणून सांगूनच टाकलं, आजी, मी ख्रिश्चन आहे. त्या म्हणाल्या, "असू दे की. फोड तर सारखाच येतो." राजगिऱ्याचा लाडू हातावर ठेवला, एकादशी होती त्यांची. आणि उठताना माझ्याच पायाला हात लावून "माउली" म्हणाल्या. मी वाकून त्यांच्या पाया पडले. परभणीकडच्या कुठल्याशा गावच्या, दिंडीबरोबर पुढे निघून गेल्या.

सासवड, जेजुरीचा भंडारा, नीरा स्नान, सगळं एकात एक मिसळलंय. मुक्कामी सगळ्या दिंड्या जमून होते ती समाजआरती मात्र लख्ख आठवते. एवढा मोठा तळ आणि चोपदाराने दंड वर केला की शांत, फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल तीच टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिकडे जाऊन ऐकून घेतात. रात्री राहुटीत मी प्रभूची प्रार्थना म्हणायचे, त्यात आता हक्काने मागायला लागले, मी थकलेय, मला धीर दे, आणि सकाळी मावशीलाही सरळ म्हणायचे, माझी बॅग जरा धरा.

पंढरपुरात मी देवळात गेले नाही, बऱ्याच जणांसारखं कळसाला हात जोडले. नगरला परतल्यावर चर्चच्या तरुण संघात साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांपुढे मांडायला सांगितलं. एका काकांनी विचारलं, तू तिथे नमस्कार केलास का? मी म्हटलं हो, एका आजींना केला, आणि सगळं सांगितलं. काहींना पटलं, काहींना नाही, दोघंही माझेच आहेत.

आई आता विचारते एक दिवस तिला येता येईल का, घाट नको म्हणते, गुडघे दुखतात. लोणंद ते तरडगाव सुचवलंय, टप्पा छोटा आहे आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगणही, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून धावणारा माउलींचा अश्व, बघायला मिळेल.