नावाच्या क्रमापायी चार महिने

जूनमध्ये आमच्या प्रकल्पावर दोन नवे संशोधक रुजू झाले. पहिल्याच दिवशी, प्रयोगशाळा दाखवायच्याही आधी, मी दोघांकडून पासबुक आणि आधार मागून घेतलं. त्यांना ते विचित्र वाटलं असेल. पण २०२४-२५ चं वर्ष आठवायला बसलं की सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, फुलांच्या आधी मला लेखा विभागातलं ते टेबलच आठवतं.

आमचं काम रत्नागिरीच्या जांभ्या सड्यांवरच्या वनस्पतींचं. उन्हाळ्यात सडा उघडाबोडका असतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर हाच खरा हंगाम: सीतेची आसवं, गेंद, तेरडा, सगळं त्याच दिवसांत. तो गाठायचा म्हणून जाहिरात लवकर दिली, मुलाखती झाल्या, १ ऑगस्टला जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधक, म्हणून एक मुलगी रुजू झाली. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा पास झालेली, लातूरकडची.

फेलोशिप दरमहा ३७,००० रुपये, वर घरभाडे भत्ता. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, खात्यात एक रुपया नाही. खोलीचं डिपॉझिट, एसटीचं भाडं, खाणावळ, सगळं ती घरून पैसे मागवून भागवत होती. "मॅडम, या महिन्यात तरी होईल का?" हे तिने एकदाच विचारलं. मला मात्र ते रोज ऐकू यायचं. टेबलावर उत्तर ठरलेलं: "प्रोसेसमध्ये आहे."

प्रोसेसमध्ये काहीच नव्हतं. केंद्राच्या निधीतून पैसे द्यायचे तर आधी त्या व्यक्तीची नोंद पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैसे वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, करतात. ती बँकेकडे पडताळणीला जाते आणि खात्यावरचं नाव जुळलं तरच पुढे सरकते. आम्ही अर्ज भरला दहावीच्या गुणपत्रिकेवरून, म्हणजे आडनाव आधी. बँकेत नाव आधारप्रमाणे, आडनाव शेवटी, वडिलांचं नुसतं आद्याक्षर. बँकेने नोंद ऑगस्टमध्येच नाकारली होती. ते दिसत होतं फक्त नोंद करणाऱ्याच्या लॉगिनमध्ये, आणि तिथून एक फोन करावा असं कुणाला वाटलं नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नेहमीचे क्लार्क रजेवर होते. त्यांच्या जागी बसलेल्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवला: "मॅडम, हे तर रिजेक्ट झालंय." तोवर मी त्या टेबलापाशी अकरा वेळा जाऊन आले होते. आजही त्याचा राग येतो.

दुरुस्ती केली तर वित्त अधिकाऱ्यांचा पदभार बदललेला. नव्या साहेबांची डिजिटल सही येईपर्यंत दिवाळी उलटली. मग २० नोव्हेंबरचं विधानसभेचं मतदान, अर्धं कार्यालय निवडणूक ड्युटीवर. २ डिसेंबरला पैसे जमा झाले, चार महिन्यांचे एकदम. तेव्हा सड्यावरचं गवत वाळून गेलं होतं. तरी त्या मुलीने एकही फेरी चुकवली नाही. उसन्या पैशांवर भर पावसात झाडं मोजायच्या चौकटी टाकून तिने सगळ्या नोंदी केल्या. मला त्या वर्षात सर्वांत अभिमान तिचाच वाटतो.

तुमच्याकडे कुणी रुजू होणार असेल तर अर्जात नाव पासबुकावर आहे तसंच लिहा, अक्षरन् अक्षर. गुणपत्रिका बाजूला ठेवा, ती निवडीसाठी लागते, पैशांसाठी नाही. रद्द केलेला चेक जोडणार असाल तर त्यावर नाव छापलेलं असू द्या. मुलीचं लग्न होऊन आधारवरचं नाव बदललेलं असेल तर खातंही त्याच नावावर आहे ना, हे आधी विचारा. "झालं का?" असं विचारू नका, "स्टेटस दाखवा" म्हणा आणि स्क्रीन स्वतः बघा. आणि हो, सही कुणाची चालू आहे, डिजिटल सहीच्या टोकनची मुदत कधी संपते, हेही त्याच फेरीत विचारून घ्या. मला हे फार उशिरा सुचलं.

यंदाच्या दोघांची नोंद पाचव्या दिवशी मंजूर झाली. दोघांची पहिली फेलोशिप जुलैत जमा झाली. आता ते सड्यावर आहेत, आणि चौकटी कशा टाकायच्या ते त्यांना तीच मुलगी शिकवते आहे.