अंड्याशिवाय सोया कटलेट: चौथ्या घाण्यापर्यंतची नोंद

कटलेटात अंडं दोन ठिकाणी असतं. एक सारणात कालवलेलं, दुसरं रव्यात घोळवण्याआधी बुडवायला. दोन्ही कामं वेगळी, त्यामुळे दोन्हींना एकच पर्याय चालत नाही.

प्रयोगाला सोया खिमा मुद्दाम घेतला. बटाट्याच्या कटलेटात बटाट्याचा स्टार्चच सगळं धरून ठेवतो, अंडं वगळलं तरी फारसा फरक पडत नाही. सोया ग्रॅन्यूल मात्र एकमेकांना अजिबात धरत नाहीत, म्हणून बाइंडिंगचा कस इथंच लागतो.

प्रत्येक घाण्याला माप तेच: 100 ग्रॅम कोरडे ग्रॅन्यूल उकळत्या मिठाच्या पाण्यात 10 मिनिटं भिजवून, पंचात घट्ट पिळून 300 ग्रॅम, परतलेला कांदा 80 ग्रॅम, आलं-लसूण-मिरचीचं वाटण 20 ग्रॅम, कोथिंबीर मूठभर, मीठ आणि गरम मसाला. एवढ्याला मूळ कृतीत एक अंडं लागतं. पिळल्यावर वजन 300 च्या वर भरलं तर पुन्हा पिळायचं. आत राहिलेल्या पाण्याची तेलात वाफ होते आणि ती कटलेट आतून फोडते. मग बाइंडरला दोष देण्यात अर्थ नाही.

घाणा 1, जवस. कच्चं जवस ताजं दळून 7 ग्रॅम, पाणी 45 मिली, 10 मिनिटांत चिकट लगदा. थापताना कटलेट सुरेख, कडेला एक तडा नाही. तेलात दोन मिनिटांनी झाऱ्यावर घेतलं की मधून दुभंगतं. कारण सरळ आहे: जवसाचा चीक गार असताना दाट असतो, तापला की पातळ होतो. अंड्याचं उलटं, पांढरा भाग साधारण 62 अंशांपासून घट्ट व्हायला लागतो. म्हणजे जवस थापेपर्यंत साथ देतं, तळताना सोडून देतं.

घाणा 2, बेसन. कोरडंच 30 ग्रॅम भुरभुरलं तेव्हा कडा फाटल्या आणि कच्चट चव राहिली. नीट पिळलेल्या सोयात बेसनाला फुगायला पाणीच उरत नाही. तेच 30 ग्रॅम 45 मिली पाण्यात गुठळी मोडून कालवलं आणि 10 मिनिटं ठेवून घातलं, तर तळल्यावर एकही कटलेट फुटलं नाही. गरम झाल्यावर बेसनातली प्रथिनं आणि स्टार्च दोन्ही आवळतात, अंड्याच्या कामाच्या सर्वांत जवळ हेच जातं. अडचण तळण्याआधीची: सारण सैल, हाताला चिकटतं. बेसन आधी मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंतच भाजा. लालसर केलं की पकड कमी होते.

घाणा 3, पातळ पोहे. मिक्सरला कोरडेच फिरवून 30 ग्रॅम. पोह्यांचा स्टार्च आधीच शिजलेला असल्यामुळे ओल लगेच शोषतात आणि सारण पाच मिनिटांत आवळतं. आकार टिकला, पण गार झाल्यावर कटलेट आतून कोरडं आणि भरभरीत.

घाणा 4, तिन्ही मिळून: जवस 5 ग्रॅम आणि बेसन 20 ग्रॅम 50 मिली पाण्यात एकत्र भिजवलेले, वरून पोह्यांची पूड 15 ग्रॅम. सारण पाच मिनिटं मळून 20 मिनिटं फ्रीजमध्ये. 60 ग्रॅमचे गोळे, जाडी दीड सेंटिमीटर. जवस थापताना धरतं, पोहे जादा ओल घेतात, बेसन तेलात घट्ट होतं. आठही कटलेट अखंड निघाली; दुसऱ्या दिवशी तव्यावर गरम केली तरी फुटली नाहीत. सध्या हेच प्रमाण कायम.

बाहेरच्या थराला मैदा 3 चमचे (पोहे खायचे नव्हे, मापाचे 15 मिलीचे), कॉर्नफ्लोअर 1 चमचा, पाणी सुमारे 80 मिली. चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहील इतकंच दाट. त्याआधी कटलेटला कोरडं कॉर्नफ्लोअर चोळायचं. हे वगळलं की रव्याचं कवच तेलात सालासारखं सुटतं. छोल्यांचं आटवून दाट केलेलं पाणीही इथं चालतं. 2014 साली फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी हेच पाणी फेसून अंड्याच्या पांढऱ्यासारखं वापरता येतं हे दाखवलं, आणि फेसासाठी ते उत्तमच आहे. सारणात घालू नका, नुसती ओल वाढते.

तेल 175 अंश. 160 च्या खाली कवच धरायला वेळ लागतो, तोवर कटलेट तेल पितं आणि मऊ पडतं. पहिली अडीच मिनिटं झारा लावायचा नाही. एका वेळी चारच सोडा. पहिलं एकच तळून बघणं उत्तम: फुटलं तर उरलेल्या सारणात पोह्यांची पूड 5 ग्रॅम वाढवून 10 मिनिटं थांबा. बेसन वाढवू नका, ते कोरडं पडून पुन्हा घाणा 2 ची गत होते.

पुढच्या घाण्यात जवसाऐवजी इसबगोलाची भुशी, 2 ग्रॅमपासून सुरुवात. त्याहून जास्त घातली की सारण रबरी होतं. बाकी मापं घाणा 4 चीच, फक्त तळण तव्यावर, दोन चमचे तेलात.